म्हैसूरची गरडी भरली त्या दिवशी

म्हैसूरहून परत आल्यापासून जो तो विचारतो, राजवाडा पाहिला का, चंदनाचा साबण आणला का, साडी आणली का. नाही आणली. राजवाडा रिक्षातून पाहिला, तोही मागच्या बाजूनं. मी गेलो होतो कुस्त्यांना. आमच्या सांगली भागात तीस वर्षं मी कुस्तीच्या मैदानात माइक धरतोय. पैलवान आत लढतात आणि मी बाहेर बोलतो. लोक म्हणतात, तुमच्या आवाजानं मेलेलं मैदान उठून बसतं. हे मला खरं वाटत होतं, हीच सगळी भानगड.

अलीकडे कुस्तीला माणूस कमी झालाय, हे मी कुणापुढं कबूल करत नव्हतो. क्रिकेटच्या रात्रीच्या सामन्यांनी खाल्लं, मोबाइलनं खाल्लं, मातीतल्या कुस्तीचा काळ संपला, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरायचं. "अरे, माणूस आहे तिथंच आहे, त्याला हाळी घालणारा पाहिजे," असं मी ठणकावून सांगायचो. आणि मनात मला ठाऊक होतं, गेल्या हंगामात आमच्याच एका जत्रेत अंतिम कुस्तीला मी जेवढ्या माणसांपुढं बोललो त्याहून जास्त माणसं बाहेर भेळेच्या गाड्यावर उभी होती.

मंडी मोहल्ला

बोलावणं होतं पांडुअण्णांचं. मंडी मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं दुकान. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात, विठ्ठलाचे भक्त, घरात मराठी. वय साठीला टेकलेलं, गळ्यात टेप, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, आणि कान पाहिलेत तर चुरगळलेले, पैलवानाचे. विठ्ठलमंदिराच्या मागं एक गरडी आहे, म्हणजे आपली तालीम, तिचे ते वस्ताद.

"या, या भाऊ. प्रयाण चांगलं झालं अल्वा?" ते मशीनवरून उठत म्हणाले. "बसा. स्वल्प कॉफी घ्या. मत्ते बोलू."

त्यांची मराठी ऐकताना मला पहिले दोन तास मजा वाटली. वाक्य आपलं निघतं आणि मध्येच कानडी मुलखात शिरून परत येतं. कॉफी संपायच्या आत त्यांनी मुद्दा सांगितला. गरडीची जागा देवळाची. देवळाच्या कमिटीनं ठरवलं होतं, यंदाच्या कुस्त्यांना माणसं आली नाहीत तर माती काढून टाकायची, फरशी घालायची, लग्नाचा हॉल करायचा.

"जन येत नाहीत हो आता," अण्णा म्हणाले. "पूर्वी भिंतीवर चढून बघायचे. आता दारात उभे राहतात, सुम्ने, उगीच, मोबाइल बघतात, जातात. कमिटीचंही चुकलं म्हणता येत नाही. पण माझ्या आजोबांनी त्या मातीत ताक घातलंय भाऊ. फरशी घातली की मी दुकानात बसून काय करू? ब्लाउज शिवू नुस्ते?"

मी छाती फुगवून म्हटलं, "अण्णा, काळजी सोडा. माणसं मी आणतो."

रात्री जेवायला त्यांच्या घरी. ताटात नाचणीचा गोळा, रागी मुद्दे म्हणतात त्याला, वर हुळग्याचं सार. मी भाकरीचा माणूस; घास घेतला आणि चावायला लागलो. तो चिकटला टाळ्याला. चावावं तितका वाढायला लागला. अण्णांची लेक सुमित्रा हसू दाबत म्हणाली, "काका, चावायचं नाही. बोळा करायचा, सारात बुडवायचा आणि गिळायचं." शाळेत शिकवते ती, लग्न केलेलं नाही, आई गेल्यापासून बापाचं सगळं तीच पाहते. मी गिळायला गेलो आणि ठसका लागला. अण्णा पाठीवर थोपटायला उठले, तर सुमित्रा चटकन ओरडली, "अप्पा, हात वर करू नका!" ते मुकाट्यानं बसले.

गरडी

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी बांधायचा कार्यक्रम होता. गरडीचं दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत अंधूक उजेड, तेलाचा आणि लिंबाचा वास, कोपऱ्यात गदा, समोर मारुती, मध्ये तांबडी माती. मी आमच्या तालमीत आल्यासारखा चपला काढून मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. खरं सांगतो, डोळे भरून आले.

आमच्याकडे कुस्त्या पत्रकावर छापतात, आणि वर मैदानात कुणीही लांग चढवून फिरतो, हात वर करतो, "आहे का कुणी?" म्हणतो. इथली रीत निराळी. पैलवान चार दिवस आधी येतात, ज्येष्ठ मंडळी त्यांची वयं, अंगं पाहतात, आणि मग वस्ताद मातीच्या कडेला उभे राहून दोघांची नावं एका दमात घेतात. दोघं हातात हात देतात. झालं. जोडी बांधली. त्यानंतर कुणाला माघार नाही. एकजण आलाच नाही, तर दुसऱ्याला फेटा बांधून घरी पाठवतात. त्याच्यापुढं दुसरा माणूस उभा करत नाहीत.

"आणि एकदा नावं घेतली आणि चूक झाली तर?" मी विचारलं.

"चूक होत नाही," अण्णा म्हणाले. "मातीच्या कडेला कुणाच्याही तोंडातून गेलं ते गेलं. ज्याचं नाव गेलं त्यानं उतरायचं. नाही उतरला तर परत त्यानं माती लावायची नाही अंगाला."

मी मान हलवली. वहीत लिहूनही घेतलं, कारण मैदानात सांगायला असल्या गोष्टी बऱ्या पडतात. लिहून घेतलं म्हणजे समजलं असं नव्हे, हे मला आता कळतंय.

शेवटची मोठी जोडी सरगूरच्या शिवण्णाची बांधली. शिवण्णा ट्रॅक्टर चालवतो, खांदे दाराएवढे, बोलायला मात्र लाजाळू. त्याच्यासमोरचा पैलवान मंड्याकडचा. जोड्या फार थोड्या झाल्या. अण्णांनी यादी दोनदा वाचली.

तलकाड

मध्ये मोकळा दिवस होता. अण्णा म्हणाले, पाहुणा आलाय, त्याला तलकाड दाखव. सुमित्रा मला बसनं घेऊन गेली.

कावेरीच्या काठी वाळूच्या टेकड्या, आणि वाळूखाली देवळं. नदीकाठी इतकी वाळू मी जन्मात पाहिली नव्हती. पाय घोट्यापर्यंत रुततो, चपला हातात घ्याव्या लागतात, आणि टेकडी उतरून खाली गेलं की खड्ड्यात देऊळ. खांब, नंदी, सगळं जागच्या जागी. पुजारी म्हणाला, काढतात तशी परत भरते. माझ्या पायाला चटके बसत होते आणि तहान लागली होती, त्यामुळं मला तिथं भक्तिभाव काही सुचला नाही. बाहेर येऊन शहाळं प्यालो तेव्हा जीव ठिकाणावर आला.

निलगिरीच्या झाडांच्या सावलीत बसल्यावर सुमित्रानं मला सरळ विचारलं, "काका, तुमच्याकडे जन येतात का?"

"कशाला?"

"कुस्तीला. खरं सांगा."

मी म्हटलं, "हजारोंनी येतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अप्पांच्या मानेत डिस्क सरकली आहे. डॉक्टर क्लियर सांगितलेत, वजन उचलायचं नाही, झटका बसायला नको म्हणून. ते पहाटे गुपचूप जाऊन माती खणतात. मी शाळेत असते, मला कळतं काय? काका, माझी मराठी छोटी आहे, मला नीट सांगता येत नाही. पण तुम्ही मोठे माणूस. तुम्ही त्यांना सांगितलं की सगळीकडं असंच आहे, महाराष्ट्रात पण जन येत नाहीत, त्यांच्या गरडीचा दोष नाही, तर ते सोडतील. माझं नाही ऐकत. तुमचं ऐकतील."

एवढंच मागत होती ती पोर. एक खरं वाक्य. आणि मी काय म्हटलं? "अगं, असं कसं म्हणू? बापाचा धीर खचवायचा का? कुस्त्यांच्या दिवशी चार वाजता बघ तू, गरडी ओसंडून वाहते की नाही."

"बिडी," ती म्हणाली. म्हणजे राहू द्या. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी झोपल्याचं सोंग घेतलं.

कुस्त्या

कुस्त्यांच्या दिवशी सकाळी माती वर ओढून तिचा मोठा ढीग केला होता, त्यावर हळद-कुंकू, शेवंतीची फुलं. पूजा झाली, ढीग मोडला, माती पसरली. गरडी लहान, म्हणून मागच्या उघड्या आवारात कुस्तीला मातीचा हौदा केला होता. तिन्ही बाजूंना खुर्च्या. अण्णांनी नवा पांढरा शर्ट घातला होता, स्वतः शिवलेला, आणि ते खुर्च्या सरळ करत फिरत होते.

चार वाजले. साडेचार वाजले. खुर्च्यांवर म्हातारी माणसं, पैलवानांचे नातेवाईक, आणि पुढच्या रांगेत कमिटीचे तिघं. मी बोलायला लागलो. मराठी बोललो, मोडकी कानडी बोललो, भोंगा रस्त्याकडं वळवून हाळ्या घातल्या. रस्त्यावरून माणसं जात होती. दोन-तीन जण दारातून वाकून बघायचे आणि पुढं जायचे. माझा घसा कोरडा पडला. तीस वर्षांत पहिल्यांदा मला माइकमध्ये माझाच आवाज परक्यासारखा ऐकू आला.

कुस्त्या होत गेल्या. चांगल्या झाल्या, पण टाळ्या वाजल्या की त्यांचा आवाज कुठं भरतच नव्हता. शेवटची जोडी राहिली, आणि निरोप आला की मंड्याचा पैलवान येत नाही. कमिटीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. शिवण्णाला फेटा बांधायला कुणीतरी उठलं. खुर्च्या सरकायला लागल्या. लोक उठले. अण्णा हौद्याच्या कडेला ठेवलेल्या मारुतीच्या फोटोजवळ उभे होते, हात बांधून, आणि रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या पाहत होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

आमच्याकडे अशा वेळी काय करतात? जुन्या वस्तादाचं नाव घ्यायचं. वस्ताद उठतात, हात जोडून हौद्याला फेरी मारतात, पोरगा पाया पडतो, हलगी वाजते, लोक थांबतात. मी हजार वेळा केलंय. मी मातीच्या कडेला गेलो आणि सगळी छाती लावून ओरडलो, "सरगूरचा शिवण्णा आणि मंडी मोहल्ल्याचे वस्ताद पांडुरंगराव!"

एका दमात.

उठलेली माणसं उभ्या जागी थांबली, मग बसली. मला वाटलं, जमलं. मग मी अण्णांकडं पाहिलं. ते शर्टाची बटणं काढत होते.

"अण्णा, नाही, नाही हो!" मी माइकवरच बोललो. "मी सत्कारासाठी म्हटलं. माझी चूक झाली. मी परका माणूस."

"माइक खाली करा भाऊ," अण्णा शांतपणे म्हणाले. "नाव गेलं आता."

सुमित्रा बायकांमधून धावत आली. ती कानडीत काय बोलली ते मला समजलं नाही, पण बापाचा दंड धरून ती ओढत होती. अण्णांनी तिचे हात सोडवले आणि शर्टाची घडी घालून तिच्या हातात दिली. शिवण्णा तर रडकुंडीला आला होता. तो अध्यक्षांकडं बघत होता, कुणीतरी नको म्हणावं म्हणून. कुणी म्हणालं नाही. अध्यक्षही बघायला पुढं सरकले होते.

दोघांनी माती लावली. शिवण्णा नुसता हात लावल्यासारखा करत होता. सगळ्यांना वाटलं, दोन मिनिटं अशीच जातील आणि बरोबरीत सोडवतील. मलाही तेच वाटलं. पण बाजारात बातमी गेली होती. पांडुवस्ताद उतरलेत! दुकानं टाकून माणसं आली. त्या बुटक्या दारातून वाकून वाकून आत शिरत होती, मग दाराची वाट न बघता भिंतीवर चढली. मोबाइल वर झाले. बघता बघता पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि मी माइक उचलला.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिणार. कुणी मला सांगितलं नव्हतं. सुमित्रा माझ्यापासून चार हातांवर उभी होती, बापाचा शर्ट छातीशी धरून. तरी मी उचलला. एवढी माणसं समोर बघितली आणि मला राहवलं नाही. मी बोलायला लागलो आणि देवाशपथ सांगतो, जन्मात असा बोललो नव्हतो. साठीचा शिंपी आणि पंचविशीचा बैल! सुईच्या हातांनी पट काढला! लोक आरडत होते. अण्णांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी खरोखरच शिवण्णाचा पट काढला, त्याला गुडघ्यावर आणला. शिवण्णाही शेवटी पैलवान. गुडघा टेकल्यावर त्याचंही रक्त उसळलं. त्यानं वळून अण्णांना खाली घेतलं आणि वर आला.

अण्णांनी पाठ लागू दिली नाही. मान मातीत रोवली, टाचा रोवल्या आणि कमान करून राहिले. वर शिवण्णाचं सगळं ओझं. पाठ लागू दिली असती तर सगळं संपलं असतं. कुणी हसलं नसतं. नमस्कार करून ते उठले असते.

"लागली नाही!" मी ओरडलो. "वस्तादांची पाठ लागली नाही! अजून लागली नाही!"

सगळं आवार माझ्यामागून ओरडायला लागलं. आणि ते त्या आवाजावर तसेच राहिले. किती वेळ ते मला सांगता येत नाही. सुमित्रा "अप्पा, साकु! साकु!" म्हणत होती. पुरे, पुरे. मला ते ऐकू येत होतं. माझा आवाज मोठा होता.

मग कमान आपोआप खाली बसली. शिवण्णा चटकन बाजूला झाला आणि "वस्ताद, वस्ताद" करायला लागला. अण्णांचे डोळे उघडे होते. ते म्हणाले, "हात कुठं गेले माझे?"

दाराशी रिक्षा लागेपर्यंत लोक फोन धरून उभे होते. रिक्षा गेली आणि पाव घटकेत आवार मोकळं झालं. मी आणि शिवण्णा खुर्च्यांमध्ये बसून राहिलो. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानडीत बोलत होता आणि मी त्याचा अर्थ कुणाला विचारला नाही.

इस्पितळ

तिसऱ्या दिवशी भेटू दिलं. अण्णांच्या मानेला पट्टा, मानेखाली सगळं शरीर जागच्या जागी पडलेलं. डॉक्टरांनी सुमित्राला सांगितलं होतं, आशा धरू नका. ती उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. मी पायाशी उभा राहिलो. पाय धरावेत असं वाटलं, पण त्यांना ते कळलंही नसतं.

"अण्णा, मला माफ करा," मी म्हटलं आणि मला रडू आवरेना.

"ते बिडी," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "मला काही आठवत नाही भाऊ, शेवटचं. एक सांगा. जन आले होते?"

सुमित्रानं चमचा तसाच धरून माझ्याकडं पाहिलं.

"आले होते," मी म्हटलं. "गरडी भरली होती अण्णा. भिंतीवर चढले होते लोक."

"खरंच?" त्यांचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात नव्हता. "ऐकलं का सुमी? सकाळी कमिटीचे पण आले होते. म्हणाले, फरशी बेडा, नको आता. पुढच्या वर्षी मोठ्या करू या कुस्त्या. मला वाटलं, नुस्तं धीर द्यायला म्हणतात. मी म्हणत नव्हतो? येतात जन. बोलवायला पाहिजे, एवढंच."

सुमित्रानं त्यांचे डोळे पदरानं पुसले, गाल पुसले. मग ती माझ्याबरोबर बाहेर आली. मला वाटलं, आता ही मला वाट्टेल ते बोलेल, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. ती बोलली ते हळूच, शब्द शोधत शोधत.

"काका, त्या दिवशी मी खरं सांगा म्हटलं, तर तुम्ही खोटं सांगितलं. आज एक खोटं सांगायचं होतं. कुणी आलं नाही म्हणायचं होतं. ते रडले असते आणि सोडले असते. आता ते वर्षभर पडून पुढच्या कुस्त्यांची वाट बघणार. रोज मला विचारणार, किती दिवस राहिले म्हणून. मी काय सांगू?"

आतून अण्णांनी हाक मारली, "सुमी, भाऊ गेले काय? त्यांना सांग, पुढच्या वर्षी चार दिवस आधी या म्हणून."

"सांगते अप्पा," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.